वाटाण्याचे चोरीला गेलेले किलोमीटर

१

मंगळवारी दुपारी आमच्या इमारतीतून पुन्हा दोन किलोमीटर चोरीला गेले.

पोलिसांना कळवलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, "कुठून कुठपर्यंतचे?" त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, म्हणून कळवलं नाही. हे किलोमीटर एका लिटर पेट्रोलच्या पोटातले होते. आमची गाडी सोमवारी लिटरला बत्तीस किलोमीटर धावली. मंगळवारी तीच गाडी, तेच पेट्रोल, गाडीला जागेवरच धावायला लावणारे तेच रोलर, तीच चालक, आणि आकडा तीस.

गाडीचं अधिकृत नाव म्हणजे दोन अक्षरं, एक आडवी रेघ आणि तीन आकडे. आम्ही तिला वाटाणा म्हणतो. हिरवी आहे, गोल आहे आणि ताटात शेवटी उरते. तीन वर्षं आमचा विभाग या वाटाण्यातून पेट्रोल वाचवतोय. तेल पातळ केलं, पत्रा पातळ केला, आरशांचे कान तासले. आमचे विभागप्रमुख हिरामात्सु-सान यांनी दाराच्या मुठीतून चाळीस ग्रॅम कमी केले, त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना महागातला ईल मासा खाऊ घातला. दोन किलोमीटर म्हणजे काय, हे त्यावरून समजा.

चोरी कशी होते हे आम्हाला माहीत होतं, कोण करतं हे माहीत नव्हतं. वाटाणा चाचणीच्या पडद्यावरच्या लाल सिग्नलला थांबला की इंजिन आपोआप बंद करतो. पण बॅटरी अर्धी रिकामी असेल तर तो घाबरतो. बंद केलं आणि परत चालू झालंच नाही तर? म्हणून मुलगा घरी यायचाय अशा आईसारखा जागाच राहतो, आणि उभ्या उभ्या पेट्रोल पितो. रोज सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली असायची. दुपारी एकला चाचणी सुरू व्हायची तेव्हा ती अर्धी असायची. बॅटरी बदलून पाहिली, मग तीही अर्धी व्हायला लागली. तारा तपासल्या, कुठेही गळती नाही.

मुख्य कचेरीने मात्र चोर शोधून टाकला होता, आणि तेही इथे न येता. सकाळच्या तयारीनंतर गाडीतून शेवटी उतरते चालक, आणि दुपारी पहिल्यांदा चढतेही चालक. म्हणजे चालकच काहीतरी चालू ठेवून जाते. आमच्या चालक निशिओ रित्सुको-सान. गुरुवारच्या चाचणीपर्यंत दुसरं कारण मिळालं नाही तर त्यांची बदली सुट्या भागांच्या गोदामात, आणि त्यांच्या जागी रोबो.

रोबो येऊनही पडला होता. खोक्यात, आमच्या खोल्यांमधल्या गल्लीत. लोक त्याच्यावर चहाचे पेले ठेवत होते. निशिओ-सान जाता-येता त्या खोक्याला वाकून नमस्कार करायच्या. मी एकदा विचारलं, "त्याला कशाला नमस्कार?"

"नवीन माणूस आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा काय दोष?"

त्याच दुपारी मुख्य कचेरीतून चौकशीसाठी मिझोगुची नावाच्या एक बाई आल्या. तीन स्वेटर, एक मफलर, हातात थर्मास. दारातच त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला.

"या इमारतीत ऊब कुठे आहे?"

२

मिझोगुची बाईंचा प्रश्न वाटतो तितका वेडा नव्हता. आमच्याकडे हिवाळ्यात एन्शू किनाऱ्याचा कोरडा वारा सुटतो, तो कोटाच्या गुंड्या मोजत आत शिरतो. आणि यंदापासून बारा ते एक या वेळेत आमच्या इमारतीत हीटर बंद असतात. दिवे तर आधीपासूनच बंद असतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही अंधारात डबे खातो आणि टेबलावर डोकं ठेवून झोपतो. नवा माणूस आला की त्याला वाटतं सामूहिक विषबाधा झाली.

हे सगळं तेराओ-सान करतात. ते सामान्य प्रशासनातले, वीजबचतीचे प्रमुख. बाराचा ठोका पडला की गल्लीतून चालत जातात आणि मागे अंधार होत जातो. वाटेत कोणाच्या चपला वाकड्या दिसल्या तर वाकून दाराकडे तोंड करून सरळ लावतात. ज्या प्लगवर त्यांच्या सहीची लाल चिठ्ठी नसेल तो उपटतात. गेल्या आठवड्यात आम्ही वाटाण्याची वीज कोण खातं ते मोजायला एक यंत्र लावलं होतं. बाराला तेही उपटलं गेलं. लाल चिठ्ठीसाठी अर्ज केलाय. अर्जाला आठवडा लागतो, कारण चिठ्ठ्या छापायचा प्रिंटरही बंद असतो.

तरी त्यांच्यावर कोणी रागावत नाही. दर हिवाळ्यात ते सायकलच्या टोपलीतून घरच्या झाडाची संत्री आणतात आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवतात. मोटारीच्या कंपनीत बारा महिने सायकलने येणारा हा एकच माणूस.

"ऊब म्हणाल तर," मी मिझोगुची बाईंना म्हटलं, "ती फक्त गाडीसाठी आहे."

मी त्यांना मुरवण-खोलीत नेलं. चाचणीआधी गाडी ठरलेल्या तापमानात कित्येक तास मुरवावी लागते, लोणच्यासारखी. तेवीस अंश, उन्हाळा असो की हिवाळा. नियमच आहे. तिथल्या हीटरला लाल चिठ्ठी आहे. माणसं बोटं फुंकत असतात आणि वाटाणा वसंत ऋतूत उभा असतो.

बाहेरच्या चपला काढून खोलीतल्या पांढऱ्या चपला घालायच्या, एवढाच तिथला बंदोबस्त. गाडी गुप्त म्हणून कॅमेऱ्याला मनाई. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला. मिझोगुची बाई आत आल्या, एक स्वेटर काढला, मफलर काढला आणि म्हणाल्या, "चौकशी इथेच होईल. गाडीतच बसू."

"गाडीत?"

"आजची चाचणी झाली ना? मग. मी मागे बसते. तुम्ही लोक एकेक करून या. तुमचं नाव काय म्हणालात?"

"काताओका."

"काताओका-सान, मुख्य कचेरीच्या कागदांत तुमचंही नाव आहे. 'गमती करतो' असं लिहिलंय. तुम्हीच पहिले या."

३

मी चालकाच्या जागेवर बसलो, हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि लगेच मला मी गुन्हेगार आहे असं वाटायला लागलं. मागून थर्मास उघडल्याचा आवाज आला.

"काय गंमत केली होती?"

"गाडीच्या मागे कागद चिकटवला होता. 'ही गाडी आश्वासनांवर चालते.' पाहुणे आले तेव्हा काढायचा राहिला."

"मग?"

"पाहुण्यांना आवडला. हिरामात्सु-सानना नाही."

"किलोमीटरही गंमत म्हणून चोरलेत?"

"गंमत लोकांना कळावी लागते," मी म्हटलं. "नाहीतर ते नुसतंच नुकसान."

चहाचा एक पेला मागून पुढे आला. निर्दोष ठरलो असं मी समजलो. नंतर कळलं की त्या सगळ्यांनाच देतात. मला त्यांनी टिपणं घ्यायला थांबवून घेतलं, म्हणून पुढचं मी दाराशी उभा राहून पाहिलं.

दुसरे आले वरच्या मजल्यावरच्या विजेच्या गाड्यांच्या विभागाचे हाचिया-सान. संशय घ्यायचा तर यांच्यावरच. वाटाणा बुडाला तर त्याचा सगळा निधी वर जाणार. ते चालकाच्या जागेवर धपकन बसले आणि त्यांच्या कोटातून काहीतरी डुचमळल्याचा आवाज आला.

"हे काय?"

"गरम पाण्याची पिशवी," हाचिया-सान पडल्या आवाजात म्हणाले. "तेराओ-सानना सांगू नका. पाणी मी घरून आणतो, बरं का. कंपनीचं नाही."

"वाटाणा बंद पडला तर तुम्हाला आनंद होईल?"

"बाई, खरं सांगू? माझी गाडी रस्त्यावर यायला अजून वेळ आहे. तोवर लोक कशात बसणार? जुन्या धूर सोडणाऱ्या डब्यातच ना? हा वाटाणा तोवरची हवा सांभाळणार आहे. मी याला नावं ठेवतो, ते वेगळं. भावाला ठेवतोच की."

"दुपारी बारा ते एक कुठे असता?"

"टेबलाखाली. पिशवी तिथे लपवता येते."

तिसरे हिरामात्सु-सान. तेही चालकाच्या जागेवर बसले, आणि बसताच त्यांचा डावा हात आपोआप दाराच्या चाळीस ग्रॅमवाल्या मुठीकडे जायला निघाला, मग त्यांना आठवलं की ती उजवीकडे आहे. इतके ते दमले होते.

"निशिओ-सानचीच चूक असेल असं वाटतं का?" बाईंनी विचारलं.

"मी तिथे उभा असतो. उतरताना ती एकेका गोष्टीकडे बोट दाखवून ओरडते. 'दिवे, बंद! रेडिओ, बंद! बटन, बंद!' असं ओरडणाऱ्या माणसाकडून काही चालू राहत नाही. शिवाय तिचा पाय..." ते थांबले. "आम्ही सगळ्यांनी मिळून या गाडीत जेवढं पेट्रोल वाचवलंय, त्यातलं कितीतरी तिच्या पायामुळे मोजता आलं. पॅडल दाबते की नाही कळतसुद्धा नाही. तिला गोदामात खोकी मोजायला पाठवायचं?"

"मग वरच्यांना तसं लिहा."

"लिहिलं. ते म्हणतात पुरावा द्या." त्यांनी काचेतून रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. "एका गाडीचे दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही, बाई. पण अशा लाखो गाड्या रोज भाजी आणायला निघतात. मी त्या सगळ्यांचा धूर एकत्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करतो. तीन वर्षं तेच करतोय."

निशिओ-सान आल्या त्या पातळ मोज्यांवर, बूट न घालता. त्यांनी जागेवर बसून आधी आरसा पाहिला, मग सीट, मग म्हणाल्या, "माझी सीट कोणी हलवत नाही. आज तुम्ही सगळ्यांना बसवलंत तेवढंच."

"आधी कधीच हललेली नव्हती?"

"मला केसाएवढा फरक कळतो."

मिझोगुची बाईंचा पेला ओठांजवळ थांबला. "चोर गाडीत शिरतो," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि चालकाची सीट हलत नाही. आणखी काही?"

"हो. सोमवारी चोरी होत नाही."

"म्हणजे?"

"या सोमवारी बत्तीस. त्याआधीच्या सोमवारीही बत्तीस. मुख्य कचेरीत सांगितलं तर म्हणाले, रविवारी विश्रांती मिळते म्हणून सोमवारी तुमचं लक्ष असतं." त्या हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काताओका, तू हसू नकोस. तूच असशील तर आत्ता सांग, मी फक्त एक थोबाडीत देईन."

"मी असतो तर सोमवारीही चोरले असते," मी म्हटलं. "मी आळशी नाही."

शेवटचे तेराओ-सान. त्यांनी आधी दाराजवळच्या आमच्या सगळ्यांच्या चपला सरळ केल्या. मग गाडीला वळसा घालून डावीकडून आत शिरले, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले, दूरच्या नात्यातल्या लग्नाला निघाल्यासारखे. उभ्या गाडीत पट्टा लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"बारा ते एक फेरी मारतो," ते म्हणाले. "वर्षाला इमारतीची वीज कमी करून दाखवावी लागते. दिवे झाले, लिफ्ट झाली, गरम पाणी झालं. यंदा काढायला काही उरलं नव्हतं, म्हणून दुपारचे हीटर काढले. सर्वांना त्रास होतो, क्षमस्व."

"तुम्हाला थंडी नाही वाजत?"

"नियम मीच केला. मला वाजून कसं चालेल?"

त्यांनी बाईंना एक संत्रं दिलं आणि निघून गेले. मिझोगुची बाईंनी ते संत्रं हातात दोनदा फिरवून पाहिलं.

"उद्या दुपारी पहारा ठेवू," मी म्हटलं. "मी डिकीत लपतो."

"ठेवायचा नाही. पहारा असला तर चोर येणार नाही, आकडा बत्तीस येईल, आणि मुख्य कचेरी म्हणेल, बघा, नजर ठेवली की बाई नीट वागतात." त्यांनी मफलर गुंडाळला. "उद्या चोरी होऊ द्यायची."

४

बुधवारी बाराला अंधार झाला. मिझोगुची बाई माझ्या शेजारी बसून थिजत होत्या. कोणीतरी घोरत होतं. हाचिया-सानच्या मजल्यावरून डुचमळल्याचा आवाज आल्यासारखा वाटला.

"या अंधारात कोण जागेवर आहे आणि कोण नाही, हे दिसतं तुम्हाला?" बाई कुजबुजल्या.

"स्वतःचा डबासुद्धा दिसत नाही. मी आत्ता कोणाची तरी मुळ्याची फोड खाल्ली."

"माझी," त्या म्हणाल्या.

एकला दिवे आले. मुरवण-खोलीबाहेर सकाळी घाईत फेकलेल्या आमच्या चपला नीट एका रांगेत, दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. आतला दिवा बंद होता.

"सकाळी मी चालू ठेवला होता," निशिओ-सान म्हणाल्या.

"चोर दिवा बंद करून गेला!" मी ओरडलो.

"त्याने काही सिद्ध होत नाही," बाई म्हणाल्या. "या इमारतीत आग लावणाराही जाताना दिवा बंद करून जाईल."

बॅटरी अर्धी होती. निशिओ-साननी तरीही गाडी चालवली, पॅडलवर श्वास ठेवल्यासारखा पाय ठेवून. दर लाल सिग्नलला इंजिन घाबरून जागं राहिलं. आकडा तीस.

हिरामात्सु-सान बाहेर गेले. गल्लीत दोन माणसं रोबोच्या खोक्यावरचे चहाचे पेले उचलत होती. उद्या संध्याकाळी खोकं उघडायचा हुकूम आला होता.

५

"काताओका-सान, या. यावेळी डावीकडे बसा," मिझोगुची बाई म्हणाल्या. त्या स्वतः चालकाच्या जागी बसल्या होत्या.

डावीकडून गाडी वेगळीच दिसत होती. इतक्या वर्षांत मी इथे कधी बसलोच नव्हतो.

"दाराच्या कप्प्यात हात घाला."

कप्प्यात पांढरं, चिवट, दोऱ्यासारखं काहीतरी लागलं. संत्र्याच्या फोडीवरची शीर.

"संत्री सगळ्यांकडेच असतात," मी म्हटलं.

"बरोबर. म्हणून संत्रं सोडा, कप्पा धरा. हा डावा कप्पा आहे. काल मी पाच जणांना नुसतं 'गाडीत बसा' म्हटलं. तुम्ही कुठे बसलात?"

"उजवीकडे."

"का? चालवायची नव्हती."

मी विचार केला. "सवय."

"गाडी चालवणारा माणूस रिकाम्या गाडीत एकटा शिरला की स्टिअरिंगपुढेच बसतो. जो कधी चालवतच नाही, त्याची जागा डावीकडे. आता रेडिओ लावा."

मी हात लांबवून चालू करायचं बटन एकदा दाबलं. रेडिओ बोलायला लागला. आमच्या गावचं स्थानिक केंद्र.

"एकदा दाबलंत. तासभर नुसता रेडिओ ऐकला तर बॅटरी अर्धी होईल?"

"छे. पण दोनदा दाबलं तर..." मी बटनावरचा हात मागे घेतला. "दोनदा दाबलं की सगळी गाडी जागी होते. पंखा, पंप, सगळं. इंजिन चालू नसलं तरी."

"आणि रेडिओला एकदाच दाबलेलं पुरतं, हे कोणाला माहीत नसतं?"

मला दिसत होतं, कालचंच. चपला सरळ करणारा हात. लग्नाला निघाल्यासारखा लावलेला पट्टा.

"आधी मीही वैरी शोधत होते," मिझोगुची बाई म्हणाल्या. "पण वैरी सोमवारची सुट्टी घेत नाही. सुट्टी घेते ती सवय. मग मी स्वतःला विचारलं, या इमारतीत दुपारी बाराला मला कुठे जावंसं वाटेल? आल्या आल्या पहिला प्रश्न मी तोच विचारला होता. उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं, मी त्यातच बसून चहा पीत होते." त्यांनी स्थानिक केंद्राचा आवाज वाढवला. "आता एकच राहिलं. इथे दुपारी, सोमवार सोडून, काय लागतं?"

६

गुरुवारी सकाळी अकराला त्यांनी तेराओ-सानना मुरवण-खोलीत बोलावलं. हिरामात्सु-सान होते, निशिओ-सान होत्या, हाचिया-सान पिशवी पोटाशी धरून आले होते.

"तेराओ-सान, तुम्हाला गाडी चालवता येते?"

"नाही. परवाना कधी काढलाच नाही."

"दुपारी वाटाण्यात बसून काय ऐकता?"

खोली तेवीस अंशांवर होती, तरी तेराओ-सानच्या चेहऱ्यावर थंडी पसरली. त्यांनी नाकारलं नाही. ते खाली वाकले आणि तसेच वाकून बोलले, त्यामुळे पहिली काही वाक्यं जमिनीनेच ऐकली.

"...विनोदी कविता. तीन ओळींच्या. श्रोते पाठवतात, दुपारी वाचून दाखवतात. सोमवारी हा कार्यक्रम नसतो, सोमवारी मासळीचे भाव असतात. मी बरीच वर्षं पाठवतोय. माझी एकदाही वाचलेली नाही. घरी असतो तर कार्यक्रम तिथेच ऐकला असता. इथे रेडिओला मीच बंदी घातली. फोनही चार्ज करायला बंदी घातली. फेरी संपली की बोटं वळायची नाहीत. या खोलीत शिरलो तेव्हा फक्त हात शेकायचे होते. मग वाटलं, नवीन वीज कुठे लागतेय, ही तर गाडीत आधीच भरलेली आहे." ते सरळ झाले. "पण मला कळत नाही, रेडिओ ऐकला म्हणून कोणाचं काय गेलं?"

उत्तर निशिओ-साननी दिलं.

"दोन किलोमीटर."

त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. बटन, बॅटरी, सिग्नल. तेराओ-सान ऐकत गेले आणि लहान होत गेले. खोक्यातला रोबो कशासाठी आलाय हे त्यांना माहीत होतं. त्या खोक्याखाली घसरू नये म्हणून पुठ्ठा त्यांनीच घातला होता. तो रोबो आपल्यामुळेच आलाय, हे त्यांना आत्ता कळलं.

"निशिओ-सान," ते म्हणाले, "तुमचे किलोमीटर मी बसून ऐकले."

निशिओ-साननी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं माझ्या वाटणीची थोबाडीत आता त्यांना मिळणार. "माझी झोप गेली, तेराओ-सान," त्या म्हणाल्या. "रात्र रात्र मी स्वतःलाच विचारत होते, बटन बंद केलं होतं ना? बोट दाखवून ओरडूनसुद्धा माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता."

"मी आत्ता मुख्य कचेरीला लिहितो. नावासकट."

"नाव मी अहवालात घालणार नव्हते," मिझोगुची बाई म्हणाल्या.

"घाला. नाहीतर संशय या बाईंच्या नावावर राहील. आकडा जिथून कमी झाला तिथेच लिहावा लागतो. हा नियम तरी मला पाळू द्या."

हिरामात्सु-सान इतका वेळ वाटाण्याच्या छपरावर हात ठेवून उभे होते. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी तीन वर्षं दिली होती.

"आपण दोघं एकच काम करतोय, तेराओ-सान," ते म्हणाले. "मी गाडीतून काढतो, तुम्ही इमारतीतून. तेल पातळ केलं, पत्रा पातळ केला. दरवर्षी आणखी थोडं. पातळ होता होता माणसाची पाळी कधी आली, ते दाखवणारा काटा ना माझ्याकडे आहे, ना तुमच्याकडे."

"हीटर दुपारी चालू करा," हाचिया-सान म्हणाले. "वीज मी माझ्या मजल्यावरून काढून देतो. तिथे एक मोठं यंत्र रात्रभर नुसतं गुणगुणत असतं. कोणी विचारलंच नाही म्हणून सांगितलं नाही."

तेराओ-साननी मान वर केली. इतकी वर्षं ते विझवलेल्या दिव्यांत वीज शोधत होते, आणि ती वरच्या मजल्यावर गुणगुणत होती.

बारा वाजायला आले होते. निशिओ-सान बाहेर गेल्या आणि गल्लीतून पहारेकऱ्याचा जुना रेडिओ घेऊन आल्या. तो त्यांनी मुरवण-खोलीच्या दाराबाहेर ठेवला आणि तार भिंतीत खोचली. "जेवताना ऐकू. आज गुरुवार आहे."

आम्ही खोलीबाहेर गोल करून बसलो. तेराओ-सान फेरीवर गेले. हीटर आजपासून चालू ठेवायचे होते, पण दिवे तर बंद करायचे होतेच. अंधार जवळ येत गेला. मग रेडिओवर नमस्काराची धून सुरू झाली, निवेदिका म्हणाली, "आजच्या पहिल्या कवितेचे कवी आहेत..." आणि रेडिओ बंद पडला.

अंधारात तेराओ-सान हातात प्लग घेऊन उभे होते.

"लाल चिठ्ठी नव्हती," ते म्हणाले.

"अहो तेराओ-सान!" सगळे एकदम ओरडले. मिझोगुची बाईसुद्धा.

तार परत खोचेपर्यंत पहिली कविता होऊन गेली होती. कोणाची होती, कधीच कळणार नाही. बाकीच्या सगळ्या ऐकल्या, त्यांत त्यांची नव्हती. तेराओ-सान पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझी नव्हतीच ती. माझी कशी असेल?"

"तुमची तुम्हीच म्हणा," निशिओ-साननी फर्मावलं. "वाचली असं समजू."

ते उभे राहिले, घसा साफ केला, आणि अंधाराला म्हणाले:

"दिवे मालवले
आता चाचपत शोधतो
माझाच डबा."

मग हिरामात्सु-सान हसले. चाळीस ग्रॅमच्या मुठीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. ते इतके हसले की हाचिया-साननी त्यांना गरम पाण्याची पिशवी धरायला दिली.

एकला निशिओ-सान आत गेल्या. बॅटरी सकाळइतकीच भरलेली होती. पहिल्या लाल सिग्नलला वाटाण्याने इंजिन बंद केलं आणि खोलीत इतकी शांतता झाली की मोज्यातला पाय पॅडलवरून उचलल्याचं मला ऐकू आल्यासारखं वाटलं. हिरवा. लाल. पुन्हा शांतता. तेराओ-सान काचेला नाक लावून उभे होते. दर वेळी इंजिन बंद झालं की त्यांची मान समाधानाने हलायची. त्यांच्या मनातलं यंत्र होतं ते. कामाशिवाय एक क्षण चालू न राहणारं.

आकडा बत्तीस आला, वर एक दशांश. हिरामात्सु-साननी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.

निशिओ-सान गाडीतून उतरल्या. बोट दाखवून ओरडल्या, "दिवे, बंद! रेडिओ, बंद! बटन, बंद!" शेवटच्या शब्दाला आवाज जरा चिरकला. मग बाहेर येऊन रोबोच्या खोक्याला नेहमीसारखा नमस्कार केला. संध्याकाळी ते न उघडताच परत गेलं. पुठ्ठा तेवढा तेराओ-साननी काढून घेतला.

मिझोगुची बाईंनी अहवाल मुरवण-खोलीतच बसून लिहिला. नाव घातलं, आणि त्याखाली एक ओळ घातली: 'चाचणीसाठी या इमारतीतल्या गाडीला तेवीस अंश ऊब दिली जाते. माणसांसाठी अशी सोय शोधताना मला चोर सापडला.' मग त्यांनी तिन्ही स्वेटर चढवले आणि बाहेरच्या वाऱ्यात गेल्या.

पुढच्या आठवड्यात आमच्या मोजणीयंत्राचा अर्ज मंजूर झाला आणि लाल चिठ्ठी आली. यंत्राची आता गरज नव्हती. निशिओ-साननी ती रेडिओच्या प्लगवर चिकटवली आणि तिच्यावर सही घ्यायला रेडिओ उचलून तेराओ-सानकडे गेल्या. त्यांनी चिठ्ठी नीट पाहिली, तिरकी लागली होती ती काढून सरळ लावली, आणि मग सही केली.